घरच्या वर्कशॉपसाठी रोटिसरी: आधी आस पाहा, क्षमता नंतर

प्रश्न विचारणाऱ्यांकडे एक गाडी मावेल एवढे घरचे गॅरेज आहे, मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी चॅसिस नसून बॉडीच सगळा भार पेलते अशी, दोन दारांची जुनी सिडान आहे, आणि तिचा फ्लोअर व दोन्ही सिल (दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या) गंजून गेले आहेत. रोटिसरी, म्हणजे गाडीचे शेल (सुटे भाग काढलेली बॉडी) दोन टोकांना धरून आडव्या आसेभोवती फिरवणारी स्टँडची जोडी, विकत घ्यावी की घरी बनवावी, ती किती वजन पेलणारी असावी, हायड्रॉलिक जॅकची गरज आहे का, आणि दोन इंजिन स्टँड समोरासमोर ठेवून भागेल का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. चारही प्रश्न रास्त आहेत, परंतु निवड ज्या गोष्टींवर ठरायला हवी त्या या प्रश्नांच्या मागे दडून राहिल्या आहेत, म्हणून मी उत्तराचा क्रम बदलून घेतो.

रोटिसरीच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेली असते ती वजनाची क्षमता, आणि घरच्या वापरासाठी निवड करताना तिचे महत्त्व सर्वांत कमी असते. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, काचा, सीट, दारे आणि बोनेट काढल्यावर लहान किंवा मध्यम आकाराच्या गाडीचे उघडे शेल साधारणपणे 200 ते 400 किलो भरते. तयार मिळणाऱ्या बऱ्याच रोटिसरी 1,300 ते 1,800 किलो पेलण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे वजनाचा प्रश्न बहुतेक वेळा आधीच सुटलेला असतो. फिरण्याची आस शेलच्या गुरुत्वमध्यातून नेता येते का, पुढचे आणि मागचे हेड (स्टँडवरचा फिरणारा भाग) काम संपेपर्यंत एका सरळ रेषेत राहतात का, आणि शेल नेमके कुठे धरले जाणार आहे, हे प्रश्न मात्र सुटलेले नसतात. खरेदीपूर्वीचा सगळा विचार त्यांवर खर्च करावा.

यांतल्या पहिल्या, म्हणजे आस गुरुत्वमध्यातून नेण्याच्या, प्रश्नाचे महत्त्व आकड्यांत चांगले कळते. शेल 350 किलोंचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आसेपासून 10 सेंटिमीटर दूर राहिला आहे असे धरू. शेल कुशीवर, म्हणजे 90 अंशांत वळवले की आसेवर 35 किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ पडतो, आणि 60 सेंटिमीटर लांबीच्या हँडलवर तो रोखून धरायला सुमारे 58 किलोंचा जोर लावावा लागतो. हेच अंतर 2 सेंटिमीटरवर आणले तर 12 किलोंहूनही कमी जोर पुरतो. पहिल्या स्थितीत दोन माणसे लागतात, आणि त्यातल्या एकाचा हात निसटला तर उलट फिरलेले हँडल मनगट मोडू शकते. दुसऱ्या स्थितीत एकटा माणूस शेल सावकाश फिरवून हवे तिथे थांबवू शकतो. रोटिसरी तीच, शेल तेच. फरक फक्त त्या आठ सेंटिमीटरांचा असतो.

गुरुत्वमध्य डोळ्यांनी दिसत नाही, तो शोधावा लागतो. मोनोकॉक शेलमध्ये धातूचा मोठा भाग फ्लोअर, सिल, फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत) आणि पुढच्या-मागच्या रेलमध्ये (बॉडीखालच्या लांब पोकळ तुळयांत) असतो आणि छप्पर त्या मानाने हलके असते, त्यामुळे शोधाची सुरुवात फ्लोअर आणि खिडकीची खालची कड यांच्यामधल्या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्या भागातून करावी. शेल जमिनीपासून थोडेच वर असताना दोन्ही सिलखाली थोडी फट ठेवून भक्कम अ‍ॅक्सल स्टँड लावावेत, लॉक सैल करावे, आणि शेल हाताने काही अंश कलंडवून जोर अगदी हळू कमी करत जावे. ते आपणहून सरळ होऊ लागले तर गुरुत्वमध्य आसेच्या खाली आहे. ते आणखी कलंडण्याचा प्रयत्न करू लागले तर गुरुत्वमध्य आसेच्या वर राहिला आहे, आणि हेडच्या तुलनेत शेल खाली आणायला हवे. सरळ स्थितीत ते सतत एकाच बाजूला झुकत असेल तर दोष डाव्या-उजव्या समतोलात आहे, आणि तो माउंटिंगची आडवी पट्टी सरकवून काढावा लागतो. कोणत्याही कोनात स्थिर राहणारे शेल फिरवायला सुखाचे असते, तरीही मी गुरुत्वमध्य आसेच्या एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवणे पसंत करतो, कारण लॉक सुटलेच तर शेल उलटण्याऐवजी सरळ होते.

हा समतोल एकदा साधला की कायमचा साधला, असे होत नाही. गंजलेला फ्लोअर कापून काढला की खालचे वजन जाते आणि गुरुत्वमध्य वर सरकतो, त्यामुळे आदल्या दिवशी आपणहून सरळ होणारे शेल दुसऱ्या दिवशी उलटण्याच्या बाजूला झुकू लागते. नवा फ्लोअर बसला की गणित पुन्हा बदलते, आणि दारे जुळवून पाहण्यासाठी टांगली की आणखी एकदा बदलते. काही रोटिसरींमध्ये हेडची उंची ठरावीक अंतरावरच्या भोकांत पिन घालून ठरवावी लागते, म्हणजे प्रत्येक बदलासाठी शेल खाली टेकवून भार काढून घ्यावा लागतो, आणि नेमकी जागा दोन भोकांच्या मध्ये आली तर ती मिळतच नाही. लांब आटे असलेल्या स्क्रूने, भार अंगावर असतानाही शेल हेडच्या तुलनेत वरखाली करता येईल अशी रचना असेल तर हेच काम पाना फिरवून होते. खर्चात कुठे ना कुठे काटछाट करावी लागणारच असेल तर ती इतरत्र करावी, या स्क्रूच्या बाबतीत करू नये.

दुसरा प्रश्न दोन हेड एका रेषेत असण्याचा. दोन्हींच्या आसा एका सरळ रेषेत नसतील, म्हणजे एक हेड दुसऱ्यापेक्षा उंच असेल किंवा एक स्टँड किंचित तिरका उभा असेल, तर शेल फिरवताना प्रत्येक फेरीत ते थोडे वाकवले जाते. अखंड, निरोगी शेल हे सहन करते आणि हँडल एका ठिकाणी जड जाते एवढेच जाणवते. सिल कापलेले शेल ते सहन करत नाही. त्यासाठी दोन्ही स्टँड खालून जोडणारी मधली नळी असलेली रचना घरच्या कामासाठी मला योग्य वाटते, जरी ती नळी शेलखाली बसताना पायात येत असली तरी. सुटे स्टँड हलवायला आणि ठेवायला सोपे असतात, पण त्यांना खरोखर सपाट जमीन लागते. गॅरेजच्या जमिनीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो हे पुष्कळदा लक्षात येत नाही. लांब पट्टी आणि पातळीदर्शक घेऊन, रोटिसरी जिथे उभी राहणार आहे त्या जागेची उंची पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे मोजावी. चाकांच्या जोडीला पायांना खाली-वर होणारे स्क्रू-जॅक असतील तर उतार भरून काढता येतो आणि काम चालू असताना सगळा भार चाकांवरून उतरवता येतो. चाकांच्या बाबतीत एवढेच सांगतो की एका स्टँडच्या चार चाकांपैकी एक चाक खडबडीत जमिनीवर अधांतरी राहतेच, तेव्हा उरलेल्या तिघांना भार पेलला पाहिजे अशा हिशोबाने ती निवडावीत.

इंजिन स्टँडच्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. इंजिन एका बाजूने टांगले जाते आणि भाराने हेड खाली झुकते, म्हणून अनेक इंजिन स्टँडचे हेड मुळातच काही अंश वर कलते बसवलेले असते. असे दोन स्टँड समोरासमोर ठेवले की त्यांच्या आसा एका रेषेत येत नाहीत, दोन्ही मध्याकडे वर चढत जाऊन एकमेकींशी कोन करतात. त्याशिवाय त्यांचा पाया अरुंद असतो आणि गुरुत्वमध्य जुळवण्याची कोणतीही सोय नसते. हेड कापून नीट आडवे वेल्ड करणे, पाया रुंद करणे, मधली नळी जोडणे आणि उंचीचा स्क्रू बसवणे एवढे सगळे केले तर हलक्या शेलसाठी ते चालतील, पण तोपर्यंत इंजिन स्टँडचे मूळचे फारसे काही उरलेले नसते आणि नवी रोटिसरी बनवण्याइतकेच श्रम पडलेले असतात.

लॉकबद्दल थोडक्यात. कडेने भोके असलेली चकती आणि त्यात अडकणारी जाड पिन ही रचना साधी असली तरी विश्वासाची आहे. नुसत्या घर्षणावर धरणारा ब्रेक कोन बारीक जुळवायला सोयीचा असतो, परंतु त्याच्या भरवशावर शेलखाली शिरू नये. वर्म गिअर (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) असेल तर एकटा माणूस एका हाताने शेल फिरवू शकतो, आणि मोठ्या गुणोत्तराचा वर्म गिअर सहसा उलटा फिरत नाही. मात्र हातोड्याच्या ठोक्यांनी आणि ग्राइंडरच्या कंपनांनी तो हळूहळू सरकू शकतो, त्यामुळे पिन तिथेही हवीच. शेल फिरवावे ते एकाच टोकाने, आणि पिनही त्याच टोकाला घालावी. दोन्ही टोकांना पिन घालण्याचा आग्रह असेल तर दोन्ही चकत्यांची भोके एकमेकांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. भोक जुळत नाही म्हणून एक टोक थोडे ढकलून पिन ठोकली की शेल पिळलेल्या अवस्थेत वेल्ड होते.

आता शेल धरायचे कुठे. मोनोकॉक गाडीत सर्वांत सोयीची जागा म्हणजे पुढच्या आणि मागच्या बंपरचे ब्रॅकेट जिथे रेलला बोल्ट होतात ती. तिथे भोके आधीच असतात आणि भार सरळ रेलमध्ये जातो. अडचण अशी की जुन्या गाडीच्या मागच्या रेलची टोके हीच गंजाची आवडती जागा असते. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून आणि लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा टोक आत रुतले तर आधी ती रेल दुरुस्त करावी किंवा भार पुढे, मागच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगपर्यंत नेणारा लांब अ‍ॅडॅप्टर बनवावा. पोकळ रेलमधून आरपार बोल्ट घालायचा असेल तर आत नळीचा तुकडा घालावा, नाहीतर बोल्ट आवळताना रेल चेपते. बोल्ट 8.8 किंवा त्याहून वरच्या दर्जाचे असावेत. सगळ्या गाड्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. पहिल्या पिढीच्या कॅमारोसारख्या गाडीला पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन धरणारी चौकट) वेगळी बोल्ट केलेली असते, त्यामुळे ती काढली तर फायरवॉलजवळच्या सबफ्रेम माउंटिंगमध्ये धरावे लागते. बीटलमध्ये बॉडी फ्लोअर पॅनवरून सुटी होते आणि दोन्ही भाग वेगवेगळे हाताळावे लागतात. स्वतंत्र चॅसिसच्या गाडीची बॉडी चॅसिसवरून उतरवली की तिच्यात स्वतःचा ताठरपणा फारच कमी उरतो. कोणतीही रोटिसरी घेण्यापूर्वी तिच्यासोबत मिळणारे अ‍ॅडॅप्टर आपल्या गाडीच्या माउंटिंगच्या रुंदीला जुळतात का, हे गाडीखाली झोपून, टेप लावून मोजून घ्यावे.

या विशिष्ट गाडीच्या बाबतीत मला सर्वांत काळजी वाटते ती दोन्ही सिलची, आणि रोटिसरीबद्दल बोलताना हा मुद्दा सहसा मागे पडतो. गाडी आयुष्यभर सस्पेन्शनच्या माउंटिंगवर उभी असते, रोटिसरी मात्र तिला अगदी दोन टोकांना धरते. दोन आधारांमधले अंतर वाढते आणि मधला भाग, जिथे दारांची मोठी पोकळी आहे, खाली लवू पाहतो. ते लवणे रोखण्याचे मुख्य काम सिल करतात. तेच कापले की दाराच्या पोकळीची वरची बाजू आकसते, शेल पालथे केले की उलट दिशेने सरकते, आणि अशा स्थितीत नवे सिल वेल्ड केले तर ते वाकडेपण कायमचे होते. नंतर दार कितीही बिजागरीवर जुळवले तरी मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद राहते. उघड्या छपराच्या गाडीत तर वरचा आधारच नसल्यामुळे हा धोका कितीतरी वाढतो.

त्यामुळे शेल रोटिसरीवर चढवण्याआधी, गाडी आपल्या सस्पेन्शनच्या जागांवर टेकलेली असताना दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून लिहून ठेवाव्यात, दारांच्या पोकळ्यांचे दोन्ही कर्ण मोजावेत, आणि मगच दारे काढून ब्रेसिंग करावे, म्हणजे शेलचा आकार धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या नळ्या बसवाव्यात. 25 मिलिमीटरची, दोन मिलिमीटर जाड चौकोनी नळी बहुतेक शेलना पुरते. एक नळी दाराच्या पोकळीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक कर्णाच्या दिशेने, आणि एक गाडीच्या आतून डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत जायला हवी. बिजागरीच्या आणि लॉकच्या मूळ भोकांत बोल्ट होणारे ब्रेसिंग केले तर खांबांवर वेल्डचे डाग राहत नाहीत. नळ्या अशा ठेवाव्यात की नवे सिल आणि फ्लोअरचा पत्रा आत घेताना त्या आडव्या येणार नाहीत. एवढे करूनही सिलचे मुख्य वेल्डिंग मी शेल उलटे किंवा आडवे असताना करत नाही. शेल सरळ ठेवून, सस्पेन्शनच्या माउंटिंगखाली स्टँडचा आधार देऊन, एका वेळी एकच बाजू कापून, नवे सिल टाचून, दार टांगून फटी तपासून मगच पक्के वेल्ड करावे. त्यानंतर फ्लोअर, सांधे, सीलर आणि प्रायमर यांसाठी रोटिसरी मनसोक्त फिरवावी. रोटिसरी शेलला फिरवते, त्याचे माप राखत नाही. माप राखण्यासाठी जिग (शेलला ठरलेल्या मापात पकडून ठेवणारी चौकट) असते किंवा वर सांगितलेली काळजी असते.

जागेचा हिशोब कागदावर करता येतो. शेलचा आडवा छेद काढावा, त्यावर आसेचा अंदाजी बिंदू मांडावा आणि तिथून सिलच्या बाहेरच्या कडेपर्यंत व छपराच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे. 1.7 मीटर रुंदीच्या शेलमध्ये आस सिलच्या खालच्या कडेपासून 45 सेंटिमीटर वर असेल तर ती कड आसेपासून सुमारे 96 सेंटिमीटरवर येते. म्हणजे आस जमिनीपासून किमान 1.05 मीटर उंच हवी आणि तिच्या वरही तेवढीच मोकळी जागा हवी. छतावरची ट्यूबलाइट आणि शटरचे रूळ याच उंचीवर असतात, ते आधी पाहावेत. लांबीत शेलच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी 60 सेंटिमीटरच्या आसपास जागा स्टँड खातात, आणि हँडल फिरवणाऱ्या माणसाला उभे राहायला त्यापलीकडे जागा लागते. पायाची रुंदी आसेच्या उंचीपेक्षा कमी असू नये.

हायड्रॉलिक जॅकची सोय छान असते, पण ती अनिवार्य नाही. एका गाडीसाठी शेल एकदा चढवायचे आणि एकदा उतरवायचे असेल तर साधा ट्रॉली जॅक, लाकडी ठोकळे आणि एक मदतनीस पुरतो. दोन्ही टोके आळीपाळीने, एका वेळी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त न उचलता वर न्यावीत. हायड्रॉलिक असलेच तर शेल उंचीवर गेल्यावर खांबात पिन घालून भार पिनवर टेकवावा, कारण जॅकचे सील कधी गळेल हे सांगता येत नाही.

वापराच्या दोन गोष्टी अशा आहेत की त्यांचा परिणाम निवडीवरही होतो. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प नेहमी शेललाच, वेल्डच्या जवळ लावावा; तो रोटिसरीच्या स्टँडला लावला तर करंट हेडच्या बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात. शेलचे ब्लास्टिंग (वाळूचा मारा करून रंग-गंज काढणे) रोटिसरीवरच करायचे असेल तर उघडी बॉल बेअरिंग वाळूच्या कणांनी लवकर संपतात. मुळात हेड इतके सावकाश आणि इतके क्वचित फिरते की ग्रीस भरलेली नळीत नळी ही साधी रचना त्याला पुरेशी आहे, आणि मला तर तीच बरी वाटते.

घ्यावी की बनवावी, याचे उत्तर वेल्डिंगवर आहे. माउंटिंगचे वेल्ड भर भार पेलतात, आणि त्यांच्याखाली माणूस काम करणार असतो. पाच मिलिमीटर जाडीच्या नळीत पूर्ण खोल उतरणारे वेल्ड आपल्या हातून खात्रीने होत असतील, आणि एक जोड कापून आतून तपासण्याची तयारी असेल, तर 75 ते 100 मिलिमीटरच्या चौकोनी नळीपासून घरी बनवलेली रोटिसरी तयार रोटिसरीइतकीच चांगली होते. पातळ पत्र्याचे वेल्डिंग नुकतेच शिकत असाल तर बनवू नका, वापरलेली विकत घ्या. एका गाडीचे काम संपल्यावर लोक त्या विकतातच. बघायला जाल तेव्हा हेड दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून पाहा आणि खेळ किती आहे ते जाणवू द्या, चकतीतली भोके लांबट झाली आहेत का ते पिन घालून पाहा, खांबाला ओळंबा लावा, वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसते का ते तपासा, आणि सगळे अ‍ॅडॅप्टर व बोल्ट जागेवर आहेत याची खात्री करूनच किमतीची बोलणी सुरू करा.